पहिली तार आणि अळूवडी

मी थोर रॉक गिटारिस्ट होऊ शकलो नाही, याला आमच्या आईची अळूवडी जबाबदार आहे.

असं म्हटलं की लोक हसतात. हसा, खुशाल हसा! पण आधी सगळं ऐकून घ्या, आणि मग सांगा की चूक वडीची होती की माझी. (माझी बायको म्हणते, माझीच. पण तिनं ती वडी खाल्लेली आहे, त्यामुळे तिची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.)

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही गिरगावातली दीड खोली सोडून वाशीला राहायला आलो होतो. तेव्हा वाशीला वाशी कोणी म्हणायचंच नाही, 'खाडीपलीकडे' म्हणायचे. नातेवाईक आमच्याकडे यायचे ते डबा बांधून आणि घरी निरोप ठेवून! नव्या कोऱ्या इमारती, मधे रान, संध्याकाळी डास, आणि वीज म्हणजे जावयासारखी, आली तर आली. त्यातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही तिघं. वडील, म्हणजे नाना, मुंबईत हेडक्लार्क. आई. आणि मी, प्रमोद. वय वर्षं वीस, कॉमर्सचं दुसरं वर्ष दुसऱ्यांदा, आणि अंगात रॉक!

हे रॉक माझ्या अंगात मुनाफनं घातलं. मुनाफ उरणकडचा, माझ्याच वर्गात, आणि माझ्यासारखाच नापास. त्याचा थोरला भाऊ बोटीवर होता. तो येताना कॅसेटी आणायचा. त्या ऐकून ऐकून आम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर 'थोर गिटारिस्ट कशानं होतो' या विषयाचा इतका अभ्यास केला की तेवढा अकाउंट्सचा केला असता तर आज माझ्या दारावर पाटी असती.

"स्पीड," मी म्हणायचो. "बोटं दिसताच कामा नयेत."

"स्पीड काय, सुताराच्या रंध्याला पण असतो. केस पाहिजेत. खांद्यापर्यंत."

"आणि चेहरा."

"कसला चेहरा?"

"दाढ दुखत असल्यासारखा! त्याशिवाय पब्लिकला कळत नाही आपण मेहनत करतोय ते."

सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा सूर, यावर मात्र आमचं एकमत होतं. मान मागे, डोळे बंद, आणि पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवरचा सगळ्यात वरचा सूर असा ताणायचा की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे. पण मुनाफचं तेवढ्यानं समाधान व्हायचं नाही.

"पम्या, हे सगळं ठीक आहे रे. पण खरा मोठा कोण माहितीये? ज्याचं बघून दुसरे सुरू करतात. तुझं बघून चार घरांत तेच सुरू झालं ना, तर समज तू ग्रेट."

चार घरं! आमच्या इमारतीत बारा होती. मला हे अगदीच हातातलं काम वाटलं.

आता ही गिटार माझ्याकडे आली कुठून, ते सांगायची मला अजूनही लाज वाटते. पण सांगतो. नानांची एक पेटी होती. गिरगावात असताना ते ऑफिसातून आले की चहा घ्यायचे आणि पेटी काढून एक धून वाजवायचे. एकच. कुठून शिकले देव जाणे. त्या पेटीतला वरचा सा मुका होता. पट्टी दाबली की नुसता फुस्स असा वारा यायचा. त्यामुळे धून रंगात आली, वर चढली, की नाना त्या मुक्या पट्टीशी थांबायचे आणि तेवढा एक सूर आई स्वयंपाकघरातून, पोळी लाटता लाटता, गळ्यानं भरायची. मग नाना पुढे. पेटी दुरुस्त करावी असं त्या दोघांनाही कधी वाटलं नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच पेट्यांना एक आई लागते.

वाशीला आल्यावर मात्र पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. दोन बस बदलून नाना घरी यायचे तोपर्यंत त्यांचा पापड झालेला असायचा. वर्षभर पेटीवर फक्त धूळ बसली. आणि मी काय केलं? एका दुपारी ती पेटी मांडीवर घेऊन बसनं मुंबईला गेलो, वाद्यांच्या एका दुकानात दिली, आणि तिच्या बदल्यात एक जुनी लाल इलेक्ट्रिक गिटार घेऊन आलो. अडगळ गेली, कला आली! असं मी स्वतःला परतीच्या बसमध्ये चार वेळा सांगितलं.

संध्याकाळी नाना आले. पलंगावर लाल गिटार. त्यांनी वाकून पलंगाखाली पाहिलं. चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चहा टाक गं," ते आईला म्हणाले.

त्या दिवसापासून नाना माझ्याशी बोलायचे बंद झाले. म्हणजे बोलायचे, पण आईमार्फत. घर केवढं, तर एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाचा माणूस नाक पुसणार. त्यात समोरासमोर बसून हे चालायचं!

"त्याला सांग, सातच्या बातम्यांना रेडिओ लागतो." (मी गिटारची वायर नानांच्या जुन्या रेडिओला जोडून वाजवायचो.)

"पम्या, रेडिओ सोड."

"आई, नानांना सांग, अजून दहा मिनिटं आहेत."

"अहो, तो म्हणतो..."

"ऐकलं मी. त्याला सांग, घड्याळ मागे आहे."

आई बिचारी मधल्यामधे ताटातली भाजी थंड करून घ्यायची. एकदा चिडून म्हणाली, "मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?" आठ महिने हे असं चाललं. मला माफी मागायची होती हो. रोज मागायची होती. पण विसाव्या वर्षी 'चुकलो' हा शब्द घशाखालून वर येत नाही. मग मी मनात ठरवून टाकलं, आपण एकदा स्टेजवर असं वाजवायचं, असं वाजवायचं, की नानाच उठून म्हणतील, "बरं झालं पेटी दिलीस!" मग माफी मागायची गरजच नाही.

संधी चालून आली. सोसायटीचा पहिला गणपती! चौथ्या दिवशी संध्याकाळी करमणुकीचे कार्यक्रम आणि मग सहभोजन. मला आणि मुनाफला बारा मिनिटं मिळाली. मी त्यासाठी खास स्वतःची रचना बसवली, 'खाडीवरचं वादळ'. सुसाट वेग, आणि शेवटी तो वरचा सूर. महिनाभर घरात वादळ घोंगावत होतं. आमच्याच मजल्यावरच्या देवस्थळीकाकूंनी कानात कापूस घातला तो गौरी गेल्यावरच काढला.

अडचण एकच, तारांची. खाडीच्या खाऱ्या हवेनं त्या आठवड्यात गंजायच्या. आईनं तिच्या परीनं उपाय केला. एकदा कॉलेजातून येऊन गिटार हातात घेतो तर हात सुळ्ळकन घसरून थेट कोपरापर्यंत पुढे! आईनं सगळ्या गिटारला खोबरेल चोपडलं होतं. "शिवणाच्या मशीनला घालतोच की," ती म्हणाली. पहिली तार तर सारखी तुटायची. मुनाफच्या भावानं बोटीवरून आणलेली एकच जादा पहिली तार माझ्याकडे शिल्लक होती, कागदी पाकिटातली. ती गंजू नये म्हणून कुठे ठेवावी?

"तांदळाच्या डब्यात ठेव," आई म्हणाली. "तिथे दमट होत नाही काही."

मला ते पटलं. आईच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. तिथेच ठेवली.

चौथा दिवस उजाडला. सहभोजनात अळूवड्यांचं खातं आईकडे. इमारतीच्या मागे, मोरीचं पाणी जायचं तिथे, आईनं लावलेलं अळू हत्तीच्या कानाएवढं झालं होतं. सकाळपासून आई, देवस्थळीकाकू आणि वरच्या मजल्यावरच्या सामंतवहिनी पानांना पीठ लावून उंडे वळत होत्या. मी बाहेरच्या खोलीत शेवटची तालीम करत होतो. मुनाफ उशीवर ठेका धरून होता. दुपारी तीनला वीज गेली, तरी मी थांबलो नाही. वादळ शेवटाकडे आलं, मी मान मागे टाकली, डोळे मिटले, सूर ताणला, आणि फट्! पहिली तार तुटली.

"टेन्शन नको घेऊ," मुनाफ म्हणाला. "स्पेअर आहे ना?"

मी ऐटीत स्वयंपाकघरात गेलो. डबा काढला, तांदळात हात घातला. पाकीट मिळालं. रिकामं!

मी वळून पाहिलं. आई जमिनीवर बसली होती. समोर वाफवलेले उंडे. तिच्या एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात रवी, आणि दोन्हीच्या मधे ताणलेली, चकाकणारी, साता समुद्रापलीकडून आलेली माझी पहिली तार! आई ती उंड्यावर टेकवायची, अलगद दाबायची, आणि वडी अशी सुटून पडायची की तिच्या कडेचा पिठाचा थरसुद्धा हलत नव्हता.

"आई!! ती माझी तार आहे!"

"मग? धुऊन घेतलीय मी," आई म्हणाली.

"अगं पण..."

"सुरीनं चेंदा होत होता रे उंड्याचा. दोरा तुटला. तांदूळ काढायला गेले तर ही हाताला लागली. काय सुरेख कापते बघ! तुझ्या त्या वाद्यात काहीतरी उपयोगाचं निघालं बाई."

"ठीक आहे, दे. पुसून दे. लगेच."

आई जरा घुटमळली. मग मी नीट पाहिलं. देवस्थळीकाकूंच्या हातात दोन चमचे आणि त्यांच्या मधे तार. सामंतवहिनींच्या हातात चिमटा, सांडशी आणि तार!

"एवढी लांब तार," आई म्हणाली, "एकटीनं काय करायची? तिघींत वाटून घेतली."

देवस्थळीकाकूंचं मन मोठं. "जोडून देते हो," म्हणाल्या, आणि भरतकामाच्या तीनपेडी गाठी मारून तार दिली. ती मी बसवली, किल्ली पिळली, गाठ सुटून तार सपकन मुनाफच्या कानावर बसली. मुनाफ कान चोळत उठला. त्याच्या पिशवीत मासे धरायचं सामान नेहमी असायचं. रविवारी तो खाडीवर गळ टाकून बसायचा.

"हे बघ. तंगूस," तो म्हणाला. "दोन किलोचा जिताडा पेलतं. तुझा सूर पेलणार नाही?"

आम्ही पहिल्या तारेच्या जागी ते नायलॉनचं तंगूस बसवलं. सुरात लावलं. कान जवळ नेऊन वाजवलं. टुण्ण! छान वाजलं. वीज अजून आलेली नव्हती, रेडिओ बंद, त्यामुळे वायर जोडून पाहायचा प्रश्नच नव्हता. आणि इलेक्ट्रिक गिटारला फक्त धातूची तार ऐकू येते, नायलॉन तिच्या लेखी नसतंच, हे जगातल्या प्रत्येक गिटारिस्टाला ठाऊक असतं. दोन अपवाद. ते दोघेही त्या दिवशी आमच्या बाहेरच्या खोलीत होते.

संध्याकाळी आरतीच्या वेळेला वीज आली. मंडपात सगळी सोसायटी. नाना तिसऱ्या रांगेत, हात मांडीवर. मी तरी त्यांना बोलावलं नव्हतं. आई एका कडेला वड्यांची परात घेऊन उभी होती. सेक्रेटरींनी माइकवर घोषणा केली, "आता कुमार प्रमोद सादर करतील पाश्चात्य वादळ!" मुनाफ आरतीचा ढोल आणि दोन झांजा घेऊन सज्ज झाला. मी मंडपवाल्याच्या मशीनला वायर जोडली, केस मागे उडवले, दाढ दुखवली आणि सुरू केलं.

पहिल्याच झपाट्यात माझ्या लक्षात आलं की वादळातून काहीतरी गळतंय. बोटं पहिल्या तारेवर गेली की भोंगा गप्प! दहा सुरांतले चार गायब. जिना उतरताना मधल्या पायऱ्या काढून घ्याव्यात तसं झालं. पुढच्या रांगेतली दोन मुलं हसायला लागली. मला दरदरून घाम फुटला. मुनाफ डोळ्यांनी विचारतोय काय झालं, मी डोळ्यांनी सांगतोय तुझं तंगूस!

काय करणार? वेग सोडला. पहिली तार टाळत, उरलेल्या पाच तारांवर, चाचपडत, एकेक सूर शोधत वाजवू लागलो. मुनाफनं ढोल ठेवून दिला आणि झांज हळूच किणकिणवत राहिला. आणि वेग गेल्याबरोबर माझ्या वादळाखालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. मला ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. पुढच्या ओळीला ओळख पटली. ती नानांची धून होती! माझी म्हणून मी जी रचना महिनाभर बडवत होतो, ती मूळची पेटीवरची होती. मी फक्त तिला चौपट जोरात पळवत होतो, म्हणून मलाच ओळखू आली नव्हती.

धून वर चढली. आणि सवय वाईट असते हो! शेवटचा सूर आला तशी माझी मान आपोआप मागे गेली, डोळे मिटले, चेहरा पिळवटला, आणि मी सगळ्या ताकदीनिशी तंगूस ताणलं.

काही नाही. भोंग्यातून नुसता फुस्स असा वारा. मंडप शांत. मागच्या रानातले बेडूकसुद्धा ऐकू येत होते. मी तसाच, मान वर करून, जगातल्या सर्वात थोर गिटारिस्टाच्या पवित्र्यात, शून्य वाजवत उभा!

आणि मग तो सूर आला. डाव्या कडेनं. माणसाच्या गळ्यातून, अगदी बिनचूक, पोळी लाटताना यायचा तसा.

आईला कळलंच नव्हतं आपण गातोय ते. सगळी सोसायटी वळून बघायला लागली तेव्हा तिनं जीभ चावली आणि परात तोंडापुढे धरली. मी पुढे वाजवलं, कारण पुढचं बोटांना ठाऊक होतं. धून पुन्हा वर चढली, पुन्हा तो सूर आला, आणि मी चोरून नानांकडे पाहिलं. नाना आईकडे बघत होते. त्यांची बोटं मांडीवर चालत होती, आणि त्या जागी येऊन थांबली होती. या वेळी आईनं परात खाली ठेवली आणि मोकळ्या गळ्यानं सूर लावला. मला पुढचं नीट दिसेना. डोळ्यांत घाम गेला होता, असं मी मुनाफला सांगितलं.

टाळ्या पडल्या. बऱ्याचशा आईला होत्या.

मी मंडपाच्या मागे जाऊन वायर गुंडाळत बसलो. कोणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं.

"प्रमोद."

आठ महिन्यांनी! मी आधी मागे वळून आई कुठे आहे ते पाहिलं. ती नव्हती. म्हणजे हे थेट मलाच होतं.

"वरचा सा हिचाही मुका आहे का रे?" नानांनी विचारलं.

"तंगूस आहे, नाना. वाजत नाही."

"आणि तार?"

"अळूवडीत गेली."

नानांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत की काय. ते हसत होते. इतके हसले की चष्मा काढावा लागला. हसू ओसरायच्या आत मी घाईघाईनं म्हणून टाकलं, "नाना, पेटी न विचारता दिली. चुकलो."

"हं," नाना म्हणाले. चष्मा पुसला, लावला. "विचारायला हवं होतंस. मी नाही म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतंस." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल, वड्या संपतील."

पुढच्या शनिवारी ते ऑफिसातून आले तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन कागदी पाकिटं होती. दोन्हींत पहिली तार. एक मला दिली आणि दुसरी आईपुढे ठेवून म्हणाले, "ही तुझी. त्याच्या तारेला हात लावायचा नाही."

तर असं. गिटार पुढे दोन वर्षं वाजवली, मग बँकेत लागलो, केस कापले. आमच्या इमारतीतल्या एकाही मुलानं माझं बघून गिटार हातात घेतली नाही. पण त्या सहभोजनात वड्या बघून पहिल्या मजल्यानं आईकडे तार मागितली, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. पुढच्या गणपतीत नाना बारा पाकिटं घेऊन आले. दुकानदारानं त्यांना विचारलं म्हणे, "काका, क्लास काढलाय का?" आता आई नाही, नाना नाहीत, पण सामंतवहिनींची सून परवाच आली होती, जुनी तार गंजली म्हणून नवी मागायला.

मुनाफला मी हे फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "बघ पम्या, मी चारच घरं म्हटली होती." चारावर आठ घरं जास्त! एवढा प्रभाव भल्याभल्या गिटारिस्टांना पाडता आलेला नाही. फरक इतकाच, की माझी तार वाजत नाही तोवरच तिला मागणी आहे.